पॅराकॉर्ड घ्यायचीय? आधी ग्लासभर पाणी घ्या

आजचा विषय पॅराकॉर्ड. ट्रेकच्या बॅगेला लटकवतात, मनगटात ब्रेसलेट करून घालतात, ती रंगीत बारीक दोरी. ऑनलाइन बघा, जो तो '५५०' लिहून विकतोय.

हा आकडा पॅराशूटच्या दोऱ्यांवरून आला. ५५० पौंड, म्हणजे साधारण २५० किलो ताण सोसणारी दोरी. अमेरिकी सैन्याच्या मापात हिला टाइप थ्री म्हणतात. दोरी नायलॉनची, वरून विणलेलं कव्हर, आत ७ ते ९ धागे आणि प्रत्येक धागा ३ पेडांचा. मग पार्सल आलं की टोक कापा आणि धागे मोजा. आत नुसता भुसा निघाला तर ती शोभेची दोरी, सरळ रिटर्न करा.

दुसरी टेस्ट अजून सोपी. छोटा तुकडा पाण्यात चांगला दाबून, हवा काढून सोडा. नायलॉन बुडतं, स्वस्तातलं पॉलिप्रॉपिलीन तरंगतं.

आता '२५० किलो म्हणजे माझं ७० किलो वजन सहज पेलेल' असं कुणी म्हणत असेल, तर थांबा. तो आकडा गाठ नसलेल्या, नव्या दोरीला हळूहळू दिलेल्या ताणाचा आहे. गाठ मारली की ताकद बरीच घटते, आणि माणूस घसरला तर बसणारा झटका त्याच्या वजनाच्या कितीतरी पट असतो. पॅराकॉर्डवर विहिरीत उतरायचं नाही. विषय संपला.

आणि जालन्यात इमर्जन्सी म्हणजे काय हो? कडा-सुळके नाहीत आपल्याकडे. विहिरी आहेत आणि शेततळी आहेत. कडवंचीची द्राक्षं शेततळ्यांवरच उभी राहिली, हे तुम्हाला माहीतच असेल. पण तळ्याचा प्लास्टिक कागद ओला झाला, त्यावर शेवाळ धरलं, की पट्टीचा पोहणाराही काठावर चढू शकत नाही. पाय टेकायलाच जागा नसते.

तिथं पॅराकॉर्ड कुचकामी. ती बुडते, आणि ४ मिलिमीटरची दोरी ओल्या हातात रुतते, पकड बसत नाही. तिथं हवी मोंढ्यात किलोवर मिळणारी जाड प्लास्टिकची दोरी. होय, मघाशी जिला नापास केलं तीच, कारण ती तरंगते! फूट-फूट अंतरावर गाठी मारा, एक टोक काठावरच्या पक्क्या खुंटाला बांधा, दुसऱ्याला झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन. चारही बाजूंना अशा दोऱ्या कायमच्या पाण्यात सोडून ठेवा. कुणी पडलंच तर मागं उडी नको, कॅन त्याच्याकडं सरकवा.

पॅराकॉर्ड ठेवा ताडपत्री ताणायला, गाडीवर सामान बांधायला. आतला धागा काढून तुटलेली चप्पलही शिवता येते. कापलेलं टोक लायटरनं वितळवून घ्या, नाहीतर कव्हर उसवतं.

तळ्यावरची दोरी मात्र उन्हानं कुजते. हाताला तिचा भुसा लागायला लागला की त्याच आठवड्यात बदला.