वटवाघळांच्या नावे पडलेला खर्च : गैरसमज आणि वस्तुस्थिती

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मध्यवर्ती सरकारचे मत्स्य व वन्यजीव खाते राज्यांना जी अनुदाने देत आले आहे, त्यांत गुहांतून हिवाळा काढणाऱ्या वटवाघळांच्या एका बुरशीजन्य रोगासाठी स्वतंत्र तरतूद असते, हे ऐकून हसणारे लोक तिकडेही थोडे नाहीत. ज्याचे दर्शनही पुष्कळांना नकोसे वाटते, त्या प्राण्यापायी खजिन्यातून पैसा जावा, ही गोष्ट सकृद्दर्शनी विपरीत वाटते खरी. परंतु हा आक्षेप ज्या समजुतींवर उभा असतो, त्या तपासून पाहण्याची तसदी आक्षेपक क्वचितच घेतात.

हा श्वासाचा विकार आहे, ही त्यांतली एक समजूत. 2006 च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्क राज्यातील आल्बनी शहराजवळच्या एका गुहेत काढलेल्या छायाचित्रात नाकाभोवती पांढरी भुकटी जमलेली वटवाघळे प्रथम दिसली, त्यावरून ती रूढ झाली असावी. वस्तुतः खरा घात पंखांच्या पडद्यावर होतो. हिवाळ्यात कीटक नाहीसे झाले म्हणजे हा जेमतेम आठदहा ग्रॅम वजनाचा जीव आपल्या देहाची उष्णता गुहेच्या गारव्याइतकी उतरवतो आणि अंगावरच्या चरबीच्या शिलकेवर कित्येक महिने निश्चेष्ट लटकून राहतो. मधूनमधून त्याला जाग येते, आणि त्या प्रत्येक जागरणात शिलकेचा मोठा वाटा जळून जातो. थंडीतच फोफावणारी ही बुरशी पंखांच्या कातडीत शिरते, देहातील पाण्याचा व क्षारांचा तोल बिघडवते आणि त्याला वारंवार जागे करते. मग ऐन हिमात, भर दिवसा, वटवाघळे गुहेबाहेर उडू लागतात आणि उपासमारीने मरतात. नुसत्या डोळ्यांना धडधाकट दिसणारा पंख अतिनील दिव्यासमोर ताणून धरला, तर रोगट जागी नारिंगी-पिवळे ठिपके चमकतात. प्राण्याचा जीव न घेता रोग ओळखण्याची ही युक्ती संशोधकांना पुढे सापडली.

हा रोग माणसांना होईल, ही भीती निराधार आहे. सुमारे 20 अंश सेल्सिअसच्या वर ही बुरशी वाढतच नाही. माणसाच्या 37 अंशांच्या देहात तिला थारा नाही. मात्र ‘मग माणसाचा संबंधच काय?’ असे त्यावरून कोणी विचारील, तर तेही चूक. ही बुरशी मूळची युरोप-आशियातली. तेथील वटवाघळे ती अंगावर बाळगूनही एवढ्या संख्येने मरत नाहीत. अमेरिकेत ती बहुधा माणसानेच नेली. तिचे बीजाणू जोड्यांच्या तळव्यांना व दोरखंडांना चिकटून या गुहेतून त्या गुहेत जातात. म्हणूनच केंटकीतील मॅमथ केव्ह राष्ट्रीय उद्यानात गुहा पाहून बाहेर येणाऱ्या प्रत्येकाला जोडे निर्जंतुक करणाऱ्या पायपुसण्यांवरून चालावे लागते.

आता पैशाकडे वळू. 2015 साली या खात्याने 35 राज्यांना मिळून जवळजवळ दहा लाख डॉलर दिले. म्हणजे राज्यामागे सरासरी तीस हजारही नव्हेत. याच्या उलट बाजूला, वटवाघळे कीटक खाऊन शेतीचा जो खर्च वाचवतात, त्याचा 2011 साली ‘सायन्स’ नियतकालिकात आलेला अंदाज वर्षाला किमान 370 कोटी डॉलरचा होता. असल्या अंदाजांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये, असे माझेही मत आहे. पण 2024 साली त्याच नियतकालिकात आलेली पाहणी अधिक ठोस आहे. जेथे वटवाघळे मेली, त्या परगण्यांत शेतकऱ्यांनी कीटकनाशकांचा वापर सुमारे 31 टक्क्यांनी वाढवला आणि अर्भकांच्या मृत्यूंचे प्रमाण सुमारे 8 टक्क्यांनी चढले, असे तीत आढळले. वटवाघळे फुकट करीत होती ते काम विषावर सोपवल्याची ही किंमत. ती कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही.

एवढा पैसा जातो तर औषध का नाही, हा प्रश्न रास्त आहे. प्रयोगशाळांतून लशीचे प्रयत्न झाले आहेत. परंतु साऱ्या गुहांत फवारून मोकळे व्हावे असे औषध नाही, आणि सरसकट बुरशीनाशक मारल्यास गुहेतील इतर निरुपद्रवी बुरशी व त्यांवर जगणारे जीवही मरतील. त्यामुळे अनुदानाचा बराच भाग दिसायला नीरस अशा कामांवर, म्हणजे गणती, तपासणी आणि देखरेख यांवर खर्च होतो. पण त्या गणतीवाचून तीन जातींची संख्या दहा वर्षांच्या आत नव्वद टक्क्यांहून अधिक घटली, हे कळलेच नसते. काही गुहांत तगून राहिलेली लहान तपकिरी वटवाघळे पूर्वीपेक्षा अधिक चरबी अंगावर घेऊन हिवाळ्यात शिरतात, हेही त्यांना धरून वजन केल्यानेच समजले. या जातीची मादी वर्षाला बहुधा एकच पिल्लू देते. तेव्हा गमावलेली संख्या भरून येण्यास कित्येक दशके लागतील, आणि तोवर दर हिवाळ्यात कोणाला तरी दिवा घेऊन गुहेत उतरून मोजणी करीत राहावे लागेल.