‘वापरू तेवढंच बिल’ म्हणजे स्वस्त नव्हे

नव्या प्रकल्पाची पहिली बैठक असली की कुणीतरी म्हणतंच, ‘‘डेटाबेस सर्व्हरलेस घेऊ. वापरू तेवढंच बिल, स्वस्त पडेल.’’ वापराप्रमाणे बिल येतं हे खरं. त्यावरून ते स्वस्त कसं ठरतं, हे मला अजून कुणी आकडे मांडून दाखवलेलं नाही. रिक्षाही मीटरप्रमाणेच पैसे घेते. तरी बोरिवलीहून अंधेरीला रोज जाणारा लोकलचा पास काढतो.

आकडे मांडूच. ॲमेझॉनच्या ऑरोरा सर्व्हरलेसचं माप एसीयू. एका एसीयूत सुमारे 2 जीबी मेमरी. दरपत्रकात व्हर्जिनियाचा दर एसीयूमागे ताशी 0.12 डॉलर. 16 जीबी हवी तर 8 एसीयू, म्हणजे ताशी 0.96 डॉलर. तेवढ्याच मेमरीचं आर6जी लार्ज हे व्हर्च्युअल मशीन ऑरोरासाठी ताशी 0.26 डॉलरला मिळतं. म्हणजे सरासरी वापर या क्षमतेच्या 27 टक्क्यांखाली असेल, तरच सर्व्हरलेस परवडतं. वर्षातून एकदा दुपारी एक वाजता झुंबड उडणाऱ्या निकालाच्या संकेतस्थळाला ते शोभतं. दिवसरात्र ऑर्डरी घेणाऱ्या दुकानाला नाही.

‘‘पण रात्री तर शून्य बिल!’’ वापर नसताना डेटाबेस झोपतो खरा, पण साठवणुकीचं भाडं झोपेतही चालूच राहतं. शिवाय एक जरी जोडणी उघडी असली तरी ऑरोरा झोपत नाही. आपल्या ॲपचा कनेक्शन पूल जोडण्या धरून बसतो, म्हणजे रिक्षा रात्रभर दारात आणि मीटर डाऊन! हे आधी तपासा, कृपा करून. आणि झोपलाच, तर उठायला साधारण 15 सेकंद लागतात, असं ॲमेझॉनचीच कागदपत्रं सांगतात. सकाळचा पहिला ग्राहक तेवढा थांबेल का?

‘सर्व्हरलेसमध्ये सर्व्हर नसतो.’ असतो, सांभाळणारा दुसरा असतो.

‘व्हर्च्युअल मशीनवरचा डेटाबेस जुनाट.’ ॲमेझॉनची आरडीएस सेवाही व्हर्च्युअल मशीनवरच चालते.

‘कितीही गर्दी झेपते.’ कमाल एसीयू आपणच ठरवतो. किमान 0 किंवा 0.5 ठेवले, तर ऑरोरा पोस्टग्रेसमध्ये जोडण्यांची मर्यादाही 2000 वर अडते.

चाचणीच्या डेटाबेसला मात्र मी सर्व्हरलेसच घेतो. शुक्रवारी संध्याकाळी सगळे निघाले की तो झोपतो, आणि सोमवारी थोडं थांबावं लागलं तरी आमचं काही अडत नाही.