पाठ केलेली वाक्यं आणि लागणारे शब्द

आमच्या लखनौत एखाद्याला 'मैं चीनी सीख रहा हूँ' असं सांगितलं, तर समोरचा क्षणभर थांबतो. इथे चीनी म्हणजे साखर. गोमतीनगरच्या किराणावाल्याने मला सरळ विचारलं होतं, 'साहब, चीनी में सीखने का क्या है?' मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, की साठी उलटल्यावर हा उद्योग कशाला? तर आज तेच सांगतो.

नोकरीत असताना पूर्व लडाखला होतो. मँडरिनची पहिली वाक्यं मी तिथे पाठ केली, एका छापील कागदावरून. थांबा. हा आमचा भाग आहे. कृपया मागे जा. सगळी अशीच. पुढे एका सीमा-बैठकीत दुभाषा दोन मिनिटं बाजूला गेला आणि माझ्याच वयाच्या एका चिनी अधिकाऱ्याने हसून काहीतरी विचारलं. मी नुसता मान हलवत राहिलो. दुभाषा परत आल्यावर कळलं, तो 'छ्‌र फान ल मा?' म्हणाला होता. म्हणजे 'जेवलात का?' आपल्याकडे दारात आलेल्याला विचारतात ना, तसंच. माझ्या कागदावर त्याचं उत्तर नव्हतं.

निवृत्तीनंतर मुलाकडे तैवानला, शिंचू शहरात तीन महिने राहिलो. तो आणि सूनबाई दोघेही नोकरीवर, नातू पाळणाघरात. पहिल्याच आठवड्यात पाळणाघराच्या बाईंनी मला दारात गाठलं आणि दोन-तीनदा 'फाशाव, फाशाव' म्हणाल्या. 'त्वोशाव छियन' म्हणजे 'किती पैसे' एवढं मला येत होतं. त्यातला 'शाव' ऐकला आणि मी पाकीट काढलं. बाईंनी शेवटी नातवाच्या कपाळावर माझा हात ठेवला. पोर तापाने फणफणलं होतं. फाशाव म्हणजे ताप.

त्या रात्री वही केली. पहिल्या पानावर अभिवादनं नाहीत, दुखणी. 'थोंग' म्हणजे दुखणं. 'थोउ थोंग' डोकेदुखी, 'तूत्झ थोंग' पोटदुखी. 'नाली' म्हणजे कुठे; आमच्या लखनौत नाली म्हणजे गटार, त्यामुळे तो शब्द विसरणं शक्यच नव्हतं.

आता उच्चारांचं. इथे मराठी माणसाला एक गोष्ट आयती मिळालेली आहे. रोमन लिपीत 'बी' आणि 'डी' लिहिलेलं असलं तरी मँडरिनमध्ये ते प आणि त असतात, आणि 'टी' म्हणजे थ. राजधानीचं नाव बीजिंग नव्हे, पेइचिंगच्या जवळ जातं, ताइपेचं थाइपेइ. इंग्रजीवरून शिकणारा यात अडखळतो, आपल्याला त आणि थ वेगळे ऐकायला कोणी शिकवावं लागत नाही. दुसरं म्हणजे आपले दोन च. 'चांगला' मधला च आणि 'चार' मधला च. रोमन 'झेड' दिसला की तो 'चांगला' मधला च समजा. माझ्या लखनवी शेजाऱ्याला हा उच्चार महिनाभर जमला नाही, मला एका संध्याकाळी जमला. अर्थात नातेवाइकांच्या शब्दांत त्याने मला मागे टाकलं. वडिलांचा मोठा भाऊ 'पोपो', धाकटा 'शूशू'. आपण दोघांनाही काका म्हणून मोकळे. त्याच्याकडे ताऊ आणि चाचा तयारच होते. मामा, आत्या, मावशी यांना मात्र तिथेही वेगवेगळे शब्द आहेत, सगळ्यांची एकच 'आंटी' होत नाही.

सूर चार. पहिला डॉक्टरसमोर 'आऽ' करतो तसा उंच आणि सपाट. दुसरा 'काय?' असं चकित होऊन विचारल्यासारखा चढता. तिसरा दमलेल्या माणसाच्या 'हं' सारखा खाली बसलेला. चौथा म्हणजे परेडवरचं 'थम!' माझी अडचण ही, की तीस वर्षं हुकूम दिल्यामुळे माझं सगळंच चौथ्या सुरात बाहेर पडायचं. तिसऱ्या सुरातलं 'माइ' म्हणजे विकत घेणं, चौथ्या सुरातलं 'माइ' म्हणजे विकणं. भाजीवालीला मी रोज ठणकावून सांगत होतो, की मला दोन कोबी विकायचे आहेत. तिने कधी हसून दाखवलं नाही. भाव मात्र नीट समजून घ्या: तिथला 'चिन' ६०० ग्रॅमचा, चीनमध्ये तोच शब्द ५०० ग्रॅमला. किलो समजून हिशेब केलात तर चुकाल. शाकाहारी असाल तर 'वो छ्‌र सू' एवढं पाठ करा. आणि दुकानावर स्वस्तिक दिसलं तर दचकू नका, तैवानमध्ये ती शाकाहाराची खूण आहे.

वही भरताना मला सारखे आपले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवत. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांचं पथक चीनला गेलं, त्यात ते होते. शांतारामबापूंच्या १९४६ च्या चित्रपटामुळे नाव सगळ्यांना माहीत, पण ते चिनी भाषा शिकले आणि विद्यार्थ्यांना चिनीतून शिकवू लागले, हे फारसं कोणी सांगत नाही. विचार करा, युद्धात जखमी झालेला शेतकऱ्याचा पोरगा समोर आहे आणि त्याला 'कुठे दुखतं' विचारायचं आहे. तिथे दुभाषा किती वेळा बाजूला जाणार! १९४१ मध्ये ते बेथून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे प्रमुख झाले. चिनी परिचारिका कुओ छिंगलान यांच्याशी त्यांनी लग्न केलं. त्यांचं चिनी नाव 'ख तीह्वा'. त्यातला 'ह्वा' म्हणजे चीन. मुलाचं नाव ठेवलं 'यिनह्वा', यिन म्हणजे भारत. मूल काही महिन्यांचं असताना, ९ डिसेंबर १९४२ रोजी, डॉक्टर गेले. वय अवघं ३२.

माझी वही २१० शब्दांवर थांबली आहे. रविवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर नातू माझी परीक्षा घेतो आणि सूर चुकला की 'आजोबा, ओरडू नका' म्हणतो. गेल्या रविवारी मी सुरुवातीलाच विचारलं, 'छ्‌र फान ल मा?' तर पठ्ठ्या मराठीत म्हणाला, 'हो, वरणभात.'