जुना फ्रीज दुरुस्त करताना काय उघडू नये?

जुनी घड्याळे, जुने रेडिओ पुन्हा चालू करण्याचा छंद आपल्या परिचयाचा आहे. अमेरिकेत काही मंडळी हाच छंद जुन्या फ्रीजच्या बाबतीत जोपासतात. त्यांच्या विशेष आवडीचा फ्रीज म्हणजे जनरल इलेक्ट्रिक कंपनीने १९२७ साली बाजारात आणलेला ‘मॉनिटर टॉप’. याच्या कपाटाच्या डोक्यावर वाटोळे यंत्र बसवलेले असते. १८६२ सालच्या ‘मॉनिटर’ या अमेरिकी युद्धनौकेवर असाच गोल बुरूज होता, म्हणून हे नाव पडले. यांपैकी काही फ्रीज आजही चालतात. ते इतकी वर्षे कसे टिकले, हे कळले की दुरुस्तीत कशाला हात लावू नये हेही कळते.

तळहातावर स्पिरिटचा थेंब टाकला की गार वाटते. द्रवाची वाफ होताना तो हाताची उष्णता घेतो. यालाच आपण बाष्पनाचा अप्रकट उष्मा म्हणतो. फ्रीजमध्येही हेच घडते. आतील नळ्यांत द्रवाची वाफ होते आणि अन्नातील उष्णता शोषली जाते. कॉम्प्रेसर ती वाफ दाबून बाहेरच्या नळ्यांत पाठवतो, तेथे ती उष्णता सोडून पुन्हा द्रव होते. या कामासाठी मॉनिटर टॉपच्या बहुतेक नमुन्यांत सल्फर डायऑक्साइड वापरलेला आहे. त्याचा उत्कलनबिंदू सुमारे उणे १० अंश सेल्सिअस आहे आणि साध्या तापमानाला थोड्याशा दाबाने त्याचा द्रव होतो. मात्र तो विषारी आहे. थोडा जरी गळला तरी डोळे चुरचुरतात आणि श्वास कोंडतो.

त्याआधीच्या पुष्कळ फ्रीजमध्ये मोटर बाहेर असे आणि पट्ट्याने कॉम्प्रेसर फिरवी. फिरणारा दांडा जेथे आत शिरे तेथून वायू गळत असे. मॉनिटर टॉपमध्ये मोटर आणि कॉम्प्रेसर एकाच पोलादी डब्यात बंद केलेले असतात. दांडा बाहेर येतच नाही, त्यामुळे गळण्याची ती वाटही उरत नाही.

त्याच्या दीर्घायुष्याचे दुसरे कारण रासायनिक आहे. कोरडा सल्फर डायऑक्साइड धातूला फारसा त्रास देत नाही. पाण्याशी संयोग झाला की मात्र त्याचे सल्फ्युरस आम्ल बनते आणि ते आतील भाग खाऊ लागते. शिवाय आतील नळ्यांचे तापमान उणे १५ अंशांपर्यंत उतरले, तर तेथील दाब हवेच्या दाबापेक्षाही कमी होतो. अशा वेळी तेथे बारीक छिद्र असल्यास वायू बाहेर येण्याऐवजी बाहेरची दमट हवाच आत ओढली जाते. म्हणून ज्याचा हवाबंद भाग शाबूत आहे, तो कुतूहलापोटी उघडणे म्हणजे त्याचे आयुष्य आपल्या हाताने संपवणे होय.

मग विषारी वायू काढून दुसरा भरला तर? आज अनेक घरगुती फ्रीजमध्ये आयसोब्युटेन असतो. त्याचा उत्कलनबिंदू सुमारे उणे १२ अंश, म्हणजे जवळजवळ तेवढाच. आकड्यांवरून अदलाबदल सोपी वाटते. पण या जुन्या फ्रीजमध्ये द्रवाचा प्रवाह तरंगत्या गोळ्याची झडप नियंत्रित करते. द्रव सल्फर डायऑक्साइडची घनता पाण्याच्या सुमारे १.४ पट आहे, तर द्रव आयसोब्युटेनची पाण्याच्या निम्म्याहून जेमतेम जास्त. त्याच गोळ्यावर आयसोब्युटेनमध्ये निम्म्याहूनही कमी प्लावक बल लागेल. जड द्रवावर तरंगणारा गोळा हलक्या द्रवात बुडूनच बसला, तर झडप उघडणार कशी? आर्किमिडीजचा नियम येथे आडवा येतो. त्यात आयसोब्युटेन ज्वालाग्राही आहे. म्हणून वायू काढण्या-भरण्याचे काम छंद म्हणून करायचे नाही, ते साधने आणि प्रशिक्षण असलेल्या तंत्रज्ञाचेच आहे.

छांदिष्टाला करण्याजोगे काम तरीही पुष्कळ उरते. तारांवरील जुने रबर व कापड ठिसूळ होऊन गळून पडते, त्या तारा बदलायलाच हव्यात आणि अर्थिंग द्यायला हवे. दाराभोवतीची रबरी पट्टी कडक झाली असेल तर नवी बसवावी, नाहीतर दमट हवा आत जाऊन बर्फ साचतो. सर्वांत महत्त्वाची दाराची कडी. जुनी कडी बाहेरून लागते आणि आतून उघडत नाही. टाकून दिलेल्या अशा फ्रीजमध्ये खेळताना अडकून मुले गुदमरून मेली. अखेर १९५६ साली अमेरिकेने फ्रीजचे दार आतून उघडता आले पाहिजे, असा कायदा केला. मूळ रूप राखण्याचा हट्ट येथे सोडलाच पाहिजे. फ्रीज वापरात नसेल तर दार काढून ठेवावे.

सल्फर डायऑक्साइडसारख्या विषारी वायूंना पर्याय म्हणून १९३० साली फ्रिऑन जाहीर झाला. तो विषारी नाही, जळतही नाही, म्हणून सर्वांनी त्याचे स्वागत केले. मोलिना आणि रोलंड यांनी १९७४ साली दाखवून दिले की अशा क्लोरोफ्लुरोकार्बनमुळे ओझोनचा थर विरळ होऊ शकतो. १९८७ साली माँट्रियल करार झाला आणि हे वायू टप्प्याटप्प्याने बंद करण्यात आले.

विद्यार्थ्यांना घरच्या फ्रीजवरील माहितीपट्टी वाचायला सांगावी. तिच्यावर ‘आर ६००ए’ असा खुणांक असल्यास आत आयसोब्युटेन आहे. पट्टी वाचण्यासाठी एकही स्क्रू काढावा लागत नाही. कोणता वायू आहे, तो गळला तर काय होईल आणि कोणाला बोलवायचे, एवढे माहीत करून घेतल्यावरच कोणत्याही फ्रीजला, जुन्या वा नव्या, हात लावावा.