क्रिकेटच्या जुन्या कागदांचा संग्रह : भिलाईतील संग्राहकांसाठी

अमेरिकेत बेसबॉल खेळाडूंचे चित्रपत्ते जमविण्याचा छंद शंभराहून अधिक वर्षे जुना आहे. सिगारेटचे पाकीट ताठ राहावे म्हणून आत पुठ्ठ्याचा तुकडा घालीत. त्यावर खेळाडूंची चित्रे छापली जाऊ लागली आणि ती जमविणारे निर्माण झाले. १९०९ ते १९११ या काळातील, संग्राहक ‘टी-२०६’ या नावाने ओळखतात त्या मालिकेत पाचशेहून अधिक पत्ते आहेत. त्यांतील होनस वॅगनर या खेळाडूचा एक पत्ता २०२२ मध्ये साडेबाहत्तर लाख डॉलरना विकला गेला. मात्र याच मालिकेत ‘मायनर लीग’ म्हणजे दुय्यम स्पर्धांतील खेळाडूही होते. त्यांपैकी दक्षिणेकडील संघांच्या ४८ खेळाडूंचे पत्ते मोजक्याच छापांच्या सिगारेटींसोबत मिळत (त्यांतील एका छापाचे नाव चक्क ‘हिंदू’ होते!). थोड्या प्रती, तेवढ्याच भागात प्रसार आणि अपरिचित चेहरे. त्यामुळे असे पत्ते आज शोधावे लागतात.

आपल्याकडे याच्याशी जवळचे काही असेल तर ते प्रांतीय क्रिकेटचे जुने कागद होत. रणजी करंडक ही प्रथम श्रेणीची स्पर्धा असल्याने तुलना तंतोतंत नाही. पण प्रसिद्धीच्या झोताबाहेर राहिलेला खेळाडू दोन्हीकडे सारखाच. १९८० च्या दशकात ‘बिग फन’ बबलगमसोबत क्रिकेटपटूंची चित्रे येत. त्यांवर धावा किंवा बळी छापलेले असत आणि ठरावीक धावा जमल्या की त्या देऊन मुले चित्रपुस्तिका घेत. ज्याने सर्वांत नेटाने जमविले, त्यानेच सर्वाधिक चित्रे परत केली! ती चित्रे आज दुर्मीळ होण्यामागे हेही एक कारण मानावे लागेल. शिवाय मुलांना हवे असत ते कसोटीवीर. केवळ रणजी खेळणाऱ्याचे चित्र कोण मागणार?

भाऊसाहेब निंबाळकर हे याचे ठळक उदाहरण. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध महाराष्ट्राकडून त्यांनी नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमन यांचा ४५२ धावांचा तत्कालीन विश्वविक्रम अवघ्या नऊ धावांवर असताना प्रतिपक्षाने सामना सोडून दिला. निंबाळकरांना अधिकृत कसोटी सामना कधीच मिळाला नाही. अशा खेळाडूचा मागोवा घेण्यासाठी उरतात ते छापील धावफलक, प्रवेशपत्रिका, स्मरणिका, संघाची छायाचित्रे आणि स्वाक्षरीच्या वह्या. आपल्या प्रांतीय क्रिकेटचे ‘पत्ते’ हेच.

भिलाईच्या बाबतीत हा प्रश्न अधिक निकडीचा आहे. छत्तीसगढचा संघ रणजी करंडकात प्रथम उतरला तो २०१६-१७ च्या हंगामात. त्यापूर्वी अनेक दशके येथील खेळाडूंची नोंद मध्य प्रदेशाच्या नावाखाली झाली. भिलाईचे रहिवासी आणि पोलाद कारखान्याशी संबंधित असलेले ऑफस्पिनर राजेश चौहान मध्य प्रदेशाकडूनच पुढे आले. ते २१ कसोटी सामने खेळले आणि त्यांपैकी एकही भारताने गमावला नाही. १९९७ मध्ये कराचीच्या एकदिवसीय सामन्यात अखेरच्या षटकात सकलेन मुश्ताकला त्यांनी मारलेला षटकार रसिकांच्या स्मरणात आहे. चौहानांची कारकीर्द संदर्भग्रंथांत सुरक्षित आहे. परंतु त्यांच्यासोबत कारखान्याच्या किंवा जिल्ह्याच्या संघातून खेळलेल्यांचे काय? त्यांची नावे एखाद्या गुणवहीत किंवा संघाच्या छायाचित्राखाली असतात. निवृत्तीनंतर कारखान्याचे निवासस्थान रिकामे करताना नेमके हेच कागद रद्दीत जातात.

जुन्या कागदावर वर्ष नसेल तरी काळ ओळखता येतो. तिकिटाची किंमत आण्यांत असेल तर ते बहुधा १९५७ पूर्वीचे. ‘नये पैसे’ असा उल्लेख असल्यास ते १ एप्रिल १९५७ ते १९६४ च्या मध्याच्या सुमाराचे. पत्त्यात सहा अंकी पिनकोड असेल तर कागद ऑगस्ट १९७२ नंतरचा. पिनकोड नसणे मात्र काहीच सिद्ध करीत नाही. होळकर संघाचे नाव असलेली रणजीची पत्रिका १९४१-४२ ते १९५४-५५ या हंगामांतील समजावी. भिलाईच्या पत्त्यापुढे ‘छत्तीसगढ’ हे राज्य छापलेले असेल तर कागद नोव्हेंबर २००० किंवा त्यानंतरचा म्हणता येईल. १९५६ पर्यंत दुर्ग जिल्ह्याची राजधानी नागपूर होती, म्हणून त्याआधीच्या सामन्यांचे कागद शोधणाऱ्याने नागपूरच्या जुन्या घरांत आणि ग्रंथालयांतही चौकशी करावी.

स्वाक्षरी विकत घेताना भिंग जवळ असावे. छापील स्वाक्षरीत बारीक ठिपके दिसतात. शाईची रेघ सलग असते आणि कागदाच्या तंतूंत मुरलेली असते. किमतीविषयी सांगायचे तर अमेरिकेतील आकड्यांवरून येथील अंदाज बांधू नये. तेथे पत्त्याची स्थिती तपासून एक ते दहा गुण देणाऱ्या संस्था आहेत, लिलावगृहे आहेत आणि मुख्य म्हणजे ग्राहक आहेत. आपल्याकडे वस्तू दुर्मीळ असूनही घेणारा मिळेलच असे नाही. मुलांच्या शिक्षणासाठी किंवा निवृत्तीसाठी बाजूला काढलेली रक्कम या छंदात घालणे योग्य नव्हे.

जपणूक मात्र स्वस्त आहे. कागद लॅमिनेट करू नये, चिकटपट्टी लावू नये, रबरबँड तर मुळीच नको; उन्हाळ्यात तो वितळून चिकटतो. पीव्हीसीच्या पाकिटांऐवजी पॉलिएस्टरची पारदर्शक पाकिटे आणि आम्लविरहित कागद वापरावा. भिलाईच्या पावसाळी दमट हवेसाठी पेटीत सिलिका जेलची पुडी ठेवून ती अधूनमधून बदलावी. छायाचित्राच्या मागे मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने प्रत्येक खेळाडूचे नाव, मैदान आणि वर्ष लिहावे. ते ओळखणारी ज्येष्ठ मंडळी भेटतात तोवरच हे काम उरकावे.

निवडक वस्तू बँकेच्या लॉकरमध्ये ठेवता येतात. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये जाहीर केलेल्या व १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार आग, चोरी, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची फसवणूक यांमुळे हानी झाल्यास बँकेचे दायित्व लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंत असते. लॉकरमधील वस्तूंची नोंद बँक ठेवीत नाही. त्यामुळे प्रत्येक कागदाचे छायाचित्र व यादी ग्राहकाने घरी ठेवावी आणि लॉकरसाठी नामनिर्देशन केले आहे ना, याची शाखेत खात्री करून घ्यावी.