हातांची आग आणि त्वचेतील पेशींचे कार्य

कोकणात सुपारीवरील कोळे रोगाच्या बंदोबस्तासाठी बोर्डो मिश्रण फवारण्यात येते. एक टक्का तीव्रतेच्या मिश्रणास 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना व 100 लिटर पाणी लागते. चुना भिजविताना ज्यांचे हात वारंवार त्यात बुडतात, त्यांच्या हातांची आग होणे, कातडी लाल होणे व भेगा पडणे असे प्रकार आढळून येतात. ‘रक्त बिघडले’ असा समज यावरून करून घेतला जातो. तो बरोबर नाही. हा क्षोभजन्य त्वचादाह होय.

दाह कसा होतो?

त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असून, भिंतीतील विटांप्रमाणे त्या रचलेल्या असतात. त्यांमधील स्निग्ध द्रव्य चुन्याप्रमाणे सांधे भरते. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्ल असतो, तर चुन्याच्या निवळीचा सामू 12 च्या वर असतो. त्यामुळे स्निग्ध द्रव्य नष्ट होऊन भिंत सच्छिद्र बनते. खालच्या जिवंत पेशींना इजा होताच त्या आपल्याजवळ साठविलेले इंटरल्यूकिन-1 हे द्रव्य बाहेर सोडतात. या इशाऱ्याने रक्तवाहिन्या रुंदावतात व पांढऱ्या रक्तपेशी तेथे धावून येतात. लाली, सूज व आग ही त्याचीच लक्षणे होत.

गाजरगवताने उठणारी खाज याहून निराळी असते. तेथे काही पांढऱ्या रक्तपेशी त्या गवतातील द्रव्य ‘ओळखून’ ठेवतात व पुढे अल्पशा स्पर्शानेही त्रास देतात. चुन्याच्या दाहास अशा पूर्वओळखीची गरज नसते. मात्रा व वेळ पुरेशी असल्यास तो कोणासही होतो.

हयगय का करू नये?

फुटलेल्या त्वचेतून कीटकनाशके शरीरात अधिक शिरतात, तसेच वावडे निर्माण करणारी द्रव्येही सहज आत जातात. कातडी वरून बरी दिसली, तरी तिची संरक्षक शक्ती पूर्ववत होण्यास काही आठवडे लागतात.

यास्तव पुढील गोष्टी कराव्यात :

1. मिश्रण लाकडी काठीने ढवळावे. रबरी हातमोजे वापरावेत व ते आतून कोरडे ठेवावेत.
2. काम संपताच हात भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावेत. रॉकेलने कदापि धुऊ नयेत. त्यानेही त्वचेतील स्निग्धता नाहीशी होते.
3. हात कोरडे करून खोबरेल तेल अथवा व्हॅसलिन लावावे.
4. भेगा पडलेल्या हातांनी फवारणीचे काम करू नये. दाह न शमल्यास डॉक्टरांस दाखवावे.