रॅडबोर्नचा उजवा हात

प्रॉव्हिडन्स, ऱ्होड आयलंड. १८८४ चा ऑगस्ट. वेळा ठोकळमानानं दिल्या आहेत, कष्ट मात्र खरेखुरे आहेत.

सकाळी सात. चार्ल्स रॅडबोर्न उठतो. केस विंचरायचे तर उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. प्रॉव्हिडन्स ग्रेज या बेसबॉल संघाचा हा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, अवघा २९ वर्षांचा आहे. कसायाच्या घरात वाढलेला, स्वतःही ते काम केलेला, म्हणजे अंगमेहनत त्याला नवी नाही. पण ही दुखरी सकाळ आता रोजची झाली आहे. मॅनेजर फ्रँक बँक्रॉफ्टनं पुढे ही आठवण सांगितली आहे.

दुसऱ्या कुणी रजा घेतली असती. रॅडबोर्नला ती सोय नाही. जुलैत संघाचा दुसरा पिचर चार्ली स्वीनी भर सामन्यात भांडून निघून गेला आणि प्रॉव्हिडन्सला नऊऐवजी आठ जणांत खेळून हरावं लागलं. त्याआधी काही दिवस खुद्द रॅडबोर्नलाच निलंबित केलेलं होतं! संघ मोडायची वेळ आली तेव्हा त्यानं पुढचा भार उचलायची तयारी दाखवली, पण फुकट नव्हे. पगारवाढ हवी, आणि हंगाम संपला की करारातून सुटका. त्या काळी संघ खेळाडूला पुढच्या वर्षासाठी राखून ठेवत असे. त्याला दुसरीकडे जायची मुभा नव्हती. म्हणून मला हा सौदा त्याच्या त्या हंगामातल्या विक्रमी विजयांइतकाच मोठा वाटतो. स्वतःच्या हाताची किंमत त्यानं स्वतः सांगितली.

दुपारी एक. बाकीचे खेळाडू यायच्या कितीतरी आधी तो मैदानावर हजर. चेंडू हातात घेतो आणि जेमतेम चार-पाच फुटांवर टाकतो. लहान मूल टाकेल तसा. पुन्हा टाकतो. एक पाऊल मागे. पुन्हा. खांदा हळूहळू सैल होतो, तसं अंतर वाढत जातं. दहा फूट, वीस फूट... शेवटी तो आउटफिल्डमधून थेट होम प्लेटपर्यंत चेंडू फेकतो. आता बँक्रॉफ्टच्या जिवात जीव येतो: आजचा सामना निभावेल.

साडेतीन. सामना सुरू. पिचरला उभं राहायला आखलेली चौकट आहे, बॅटरपासून सुमारे ५० फुटांवर. चौकटीत दोन पावलं पळून चेंडू टाकायची मुभा आहे. खांद्यावरून फेकायला लीगनं याच वर्षी परवानगी दिली. बॅटर आधीच सांगतो, चेंडू वरचा हवा की खालचा, आणि पिचरला तिथंच टाकावा लागतो. रॅडबोर्नच्या हातात ग्लव्ह नाही. जोरात परतलेला फटका तो उघड्या तळव्यांनी अडवतो. नुसत्या वेगावर त्याची भिस्त नाही. चेंडू वळवतो, वेग बदलतो, बॅटरला चकवतो. दुखऱ्या खांद्याला डोक्याची साथ लागतेच.

मधूनच बदली पिचर येईल, ही आशाच नको. त्या हंगामात त्यानं सुरुवात केलेले सामने ७३, आणि शेवटपर्यंत टाकलेलेही ७३.

संध्याकाळी सहा. सामना संपतो. उद्या पुन्हा सामना, पुन्हा तोच. एखाद्या दिवशी पिचिंग नसलं तरी सुट्टी मिळेलच असं नाही; तो राइट फील्डमध्ये उभा राहतो. १८८२ मध्ये तिथं खेळतानाच त्यानं डेट्रॉइटविरुद्ध अठराव्या इनिंगमध्ये होमरन मारून १-० असा सामना जिंकून दिला होता.

रात्र. हंगामाचा हिशेब पुढे असा लागला: ६७८ इनिंगच्या वर पिचिंग, ४४१ स्ट्राइकआउट. विजय कुणी ५९ मोजतात, कुणी ६०. ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन्सविरुद्ध लागोपाठ तीन दिवस तीन सामने झाले. तिन्ही त्यानंच टाकले, तिन्ही जिंकले. ठरल्याप्रमाणे तो मोकळा झाला, आणि पुढच्या वर्षासाठी त्यानं पुन्हा प्रॉव्हिडन्सशीच करार केला.

पण हे सगळं अजून पुढे आहे. आज ऑगस्टची रात्र आहे, खांदा पुन्हा आखडत चालला आहे, आणि उद्याही त्याला सगळ्यांच्या आधी मैदानावर पोचायचं आहे.